नातवाच्या अभ्यासातली आजी

१४ सप्टेंबर

प्रिय आजी,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. मीच आहे, तुझा चिमण्या.

इथे मी म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं शिकतोय हे बाबांनी तुला सांगितलंच असेल. आमच्या बाईंनी प्रत्येकाला एक काम दिलंय. मार्चपर्यंत एका वृद्ध व्यक्तीशी पत्रांतून बोलायचं, तेही हातानं लिहून, आणि त्यावरून शेवटी निबंध लिहायचा. निकाल त्या निबंधावर. वर्गातल्या बाकीच्यांनी इथल्याच वृद्धाश्रमातलं कुणी ना कुणी निवडलं. मी तुला निवडलं.

तर मला लिही. दिवस कसा जातो, कुणाशी बोलतेस, काही विसरायला होतं का, चालताना तोल जातो का. लाजू नकोस, खरं तेच लिही. अक्षराची काळजी करू नकोस, मला तुझं अक्षर लागतं.

इथे सगळं छान आहे. थंडी फार आहे.

तुझा,
चिमण्या


२ ऑक्टोबर

माझ्या चिमण्या, तुला पोटभर आशीर्वाद.

अरे, तुझं पत्र आलं आणि मी पोस्टमनला दारातच बसवून चहा पाजला. तो म्हणाला, आजी, हल्ली पत्रं येतात ती विजेच्या बिलांची, असं हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट मीसुद्धा किती दिवसांनी बघतोय. मी म्हटलं, मग नीट बघून घे, आता येतच राहणार आहेत. आणि तू मला निवडलंस! तिथे एवढी गोरीगोमटी म्हातारी माणसं सोडून मला! मी समोरच्या नर्सबाईला सांगितलं, औषधाच्या दुकानवाल्याला सांगितलं. त्यानं विचारलंही नव्हतं.

फोनवर तू बोलतोस ते काय बोलणं झालं का रे? "हं आजी, बरी आहेस ना, ठेवतो." मला एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानाला तू "ठेवतो" म्हणतोस. पत्र कसं, उशाशी ठेवता येतं.

आता तुझे प्रश्न. दिवस कसा जातो, तर मशीनवर जातो. खिडकीपाशी माझी मशीन, खिडकीबाहेर गिऱ्हाईक. पँट आखूड कर, चेन बदल, कॉलर उलटव. तुझे आजोबा गेले तेव्हा तुझा बाप म्हणाला, आई, आमच्याकडे राहायला ये. मी म्हटलं, तुझ्या चौथ्या मजल्यावर पँट घेऊन कोण चढणार? इथे खिडकीतून हात बाहेर काढला की जग हाताशी लागतं. कुणाशी बोलतेस विचारलंस, तर कुणाशी बोलत नाही ते विचार. नर्सबाईचा गणवेश दर महिन्याला सैल करावा लागतो. ती म्हणते धुतल्यावर आटतो. मी म्हणते हो, आटत असेल.

विसरायचं म्हणशील तर परवा दूध करपलं. नर्सबाई खिडकीत उभी राहून सासूचं सांगत होती, आणि तिच्या सासूचं असं असतं की अर्ध्यावर उठवत नाही. पातेलं काळंठिक्कर झालं. घासतेय अजून.

तोल जात नाही. जीभ जाते कधी कधी.

तुझी,
आजी


२८ नोव्हेंबर

धाकटे,

आधी बस, पाठीला उशी घे, मग वाच.

आपला चिमण्या मला पत्रं लिहितो हे तुला कळवलंच होतं. आता पुढचं ऐक. मी त्याला लिहिलं की दूध करपलं. त्यावर एवढं जाडजूड पाकीट आलं की पोस्टमन म्हणाला, आजी, यात कापड आहे का? पानंच्या पानं! आजी, असं याआधी झालं होतं का? आजी, गॅस बंद करायचं लक्षात राहतं का? आजी, मी लहान असताना तू मला काजाला दोरा लावायला शिकवलंस ते आठवतं का? मी एकेक पान मशीनवर पसरून वाचलं. गिऱ्हाइकांना म्हटलं, आज काम बंद.

मग मी शहाणपणा केला, धाकटे. मी लिहिलं, काही काळजी करू नकोस, सगळं ठणठणीत आहे, दूधही आता करपत नाही. तर काय आलं? एवढंसं चिठोरं. "वा आजी, छान! परीक्षा आहे, नंतर लिहितो." ठणठणीत म्हातारी त्याच्या काय उपयोगाची? त्याला तर निबंध लिहायचाय.

म्हणून तुला एक काम सांगते. तुझ्या सासूबाई शेवटी शेवटी काय काय करायच्या ते आठवेल तेवढं लिहून पाठव. मला काही सुचत नाही, माझं डोकं मेलं फार ताळ्यावर आहे. पोराला अभ्यासाला चार गोष्टी मिळतील आणि मला चार पानं. यात कुणाचं काय जातंय?

हसू नकोस. हसतेयस, मला माहीत आहे.

तुझी,
अक्का


९ डिसेंबर

अक्का,

हसले. सून धावत आली, म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, माझी बहीण म्हातारी व्हायला शिकतेय.

सासूबाईंचं सांगते. घराची किल्ली साखरेच्या डब्यात ठेवायच्या आणि दिवसभर आम्हाला शोधायला लावायच्या. जेवून उठल्या की शेजारणीला सांगायच्या, मला आज कुणी वाढलंच नाही. आमच्या यांना म्हणायच्या, तुम्ही कोण, भाडं द्यायला आलात का? पोटच्या मुलाला, अक्का. तो दारामागे जाऊन तोंड धुवायचा.

एवढी पुंजी तुला पुरेल. पण जपून वापर. पोरगं शिकलेलं आहे, आणि शिकलेली माणसं कागदावरचं खरं मानतात. तुझ्या चेहऱ्यावरचं हसू पाकिटात जात नाही. मला हे काही बरं दिसत नाही. मी इथे सुनेच्या घड्याळावर जेवते नि झोपते, तुला स्वतःची खोली आहे, मशीन आहे, हे विसरू नकोस. खरंखुरं विसरू नकोस म्हणते मी.

तुझी,
धाकटी


६ जानेवारी

माझ्या चिमण्या,

तुझी परीक्षा कशी झाली? मोजे घालतोस का?

तू खरं तेच लिही म्हणाला होतास, म्हणून लिहिते. हल्ली जरा गंमत होतेय. परवा किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना. गादी उलटी केली, मशीनचा खण उपसला, आणि सापडली कुठे, तर साखरेच्या डब्यात! चहा करायला गेले नि चमच्यात किल्ली आली. दुसरं म्हणजे पोस्टमन दारात उभा होता, आणि मला वाटलं तुझे आजोबाच आलेत. मी म्हटलं, आज लवकर कसे सुटलात? तो बिचारा पाकीट हातात धरून उभाच. आणि जेवले की नाही तेही कधी कधी ध्यानात येत नाही. नर्सबाई म्हणाली, अहो, आत्ताच तर भात खाल्लात माझ्यासमोर.

हे सगळं तुझ्या बाईंना सांग. उपयोगी पडेल ना? आणखी काही हवं असेल तर विचार, संकोच करू नकोस. मी आहे.

आणि भरपूर लिही. तुझ्या खोलीत खिडकी आहे का, तिच्यातून काय दिसतं, शेजारी कोण राहतं, सगळं लिही.

तुझी,
आजी


१८ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. शेजारी कोण राहतं ते इतक्या महिन्यांत कळलेलं नाही, फक्त त्याचं दार वाजतं. दिवसभर कुणी माझं नाव घेऊन हाक मारत नाही, असे बरेच दिवस जातात. पण शिकायला जे मिळतं ते घरी कधीच मिळालं नसतं. इथे शिक्षकांना आपण प्रश्न विचारला की ते खूश होतात. वृद्धाश्रमात मी एका आजोबांना आंघोळ घालतो. त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही. मुलगा दारात उभा असतो आणि मी त्यांचे पाय पुसत असतो. तेव्हा मला तुझे पाय दिसतात. तुझ्याजवळ दारात उभं राहायलाही कुणी नाही.

तुझ्या पत्रांचं मी भाषांतर करून बाईंना दाखवलं. त्यांनी ती वर्गात वाचून घेतली. सगळा वर्ग तुला "शिंपीण आजी" म्हणून ओळखतो. बाई म्हणाल्या, खुणा इतक्या स्पष्ट क्वचितच दिसतात. विसरणं आणि विसरलेलं हसण्यावारी नेणं, दोन्ही.

बाबांच्या ओळखीचे एक डॉक्टर पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतील. साधे प्रश्न विचारतील. त्यांनी लिहून दिलं तर माझ्या निबंधाला बळ येईल. त्यांच्याशी नीट बोल.

तुझा,
चिमण्या


२० मार्च

धाकटे,

काय सांगू तुला, मी तिकडे परदेशात प्रसिद्ध झाले! अख्खा वर्ग मला ओळखतो, शिंपीण आजी म्हणतात. मी गावाच्या वेशीबाहेर कधी गेले नाही आणि माझी पत्रं बघ कुठे जाऊन वाचली जातात. नर्सबाईला सांगितलं तर म्हणाली, आता माझा गणवेश शिवायचे जास्त पैसे घ्याल तुम्ही!

काल डॉक्टर आला. सोबत माझा मुलगा, ऑफिसातून सुट्टी काढून. डॉक्टर वयानं चिमण्याहून थोडाच मोठा, बुटाची नाडी सुटलेली. त्यानं विचारलं, आजी, आज वार कोणता? आता सकाळीच मी नर्सबाईचा गणवेश दिला होता आणि ती म्हणाली होती, सोमवारची ड्यूटी आहे. पण नातवाच्या निबंधाचा प्रश्न आहे, तिथे मी बरोबर सांगून कसं चालेल? मी म्हटलं, रविवार. त्यानं लिहून घेतलं. मग म्हणाला, घड्याळ काढून दाखवा. मी काढलं, आणि दोन्ही काटे घड्याळाच्या बाहेर काढले. म्हटलं, फिरायला गेलेत. मी हसले, तो हसला नाही. पुन्हा लिहून घेतलं. आमचा चिमण्या पहिला येणार असं मला तेव्हाच वाटलं.

शेवटी त्यानं माझ्या मुलाकडे बोट दाखवलं. म्हणाला, हे कोण? तुझ्या सासूबाई आठवल्या आणि माझ्या तोंडून गेलं, "हे होय? भाडं मागायला आलेत."

तेवढं जरा जास्त झालं, धाकटे. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. लहानपणी मार खाल्ला की असाच उभा राहायचा. डॉक्टर गेल्यावर खरं काय ते सांगावं म्हणून हाक मारली, तर तो वळला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला नि "आई, तू बस, उठू नकोस" म्हणाला. त्याचं लग्न झाल्यापासून इतकं गोड तो माझ्याशी बोलला नव्हता. मग म्हटलं, जाऊ दे, नंतर सांगू.

तुझी,
अक्का


१५ एप्रिल

प्रिय आजी,

हे पत्र शांतपणे वाच. जवळ कुणाला तरी बसवून घे.

डॉक्टरांचा कागद आला. मी आणि बाबा बरेच दिवस बोलत होतो. तू एकटी, गॅस, मशीन, सुया, रस्त्याला लागून दार. हे आता चालणार नाही. बाबांनी एक चांगली जागा बघितली आहे. स्वच्छ आहे, बाग आहे, दिवसरात्र लक्ष द्यायला बाया आहेत. मी फोटो मागवून बघितले, त्यांना प्रश्न विचारले. पलंगांना कठडे आहेत, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. मी इथे जे शिकलो त्यातलं बरंचसं त्यांच्याकडे आहे.

मशीन तिथे नेता येणार नाही. खोली आत्ता बंद करून ठेवू.

रागावू नकोस. तुझ्यासाठी मी एवढंच करू शकतो, आणि हे करता यावं म्हणूनच इतक्या लांब आलो असं आता वाटतं.

निबंधाला पहिला क्रमांक मिळाला. तो तुझाच आहे.

तुझा,
चिमण्या


२ मे

चिमण्या,

अरे थांब. थांब. तुझ्या बापाला सांग थांब म्हणून.

पहिला आलास त्याचा मला आनंद आहे, इतका आहे की मी औषधाच्या दुकानात पेढ्यांऐवजी गोळ्याच वाटल्या, खोकल्याच्या. पण बाळा, ते सगळं खोटं होतं. किल्ली साखरेत नव्हती, किल्ली माझ्या कमरेला असते, आत्ताही आहे. पोस्टमन पोस्टमनच होता. साखरेचं, भाड्याचं, न वाढल्याचं, हे सगळं तुझ्या मावशीआजीच्या सासूबाईंचं आहे, तिला विचार, तिचं पत्र माझ्याजवळ आहे. डॉक्टर आला तो सोमवार होता, आणि माझ्या मुलाला मी आंधळी झाले तरी वासावरून ओळखीन. मी केलं ते एवढ्यासाठी की मला बरं नसलं की तू भरभरून लिहितोस, आणि बरी असले की चिठोरं पाठवतोस. फक्त दूध करपलं ते खरं. दूध सगळ्यांचं करपतं रे, तुझ्या आईचंही करपतं, मागे आले होते तेव्हा तिनं सायीखाली लपवून मला तोच चहा पाजला होता, मी काही बोलले नाही.

बघ, मी पुन्हा भलतीकडे गेले. सांगायचं एवढंच, मला माझ्या खोलीत राहू दे. मशीन राहू दे. पुन्हा खोटं लिहिणार नाही. चिठोरं पाठवलंस तरी चालेल.

आजी


२१ मे

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. वाचताना फार वाईट वाटलं.

आपल्याला काही झालेलं नाही असं सांगणं, आणि झालेल्या गोष्टींना मागाहून वेगळीच कहाणी जोडणं, हे या आजारात होतंच, असं आम्हाला शिकवलंय. तुला खोटं बोलायचं नसतं, मला माहीत आहे. मावशीआजींना मी फोन केला. त्या म्हणाल्या, अरे, ती सोंग करत होती, आणि रडायला लागल्या. तुझी बाजू त्या घेणारच, त्यांचं प्रेम आहे. तुझं ते सासूबाईंचं पत्र बाबांनी बघितलं. त्यांना वाटलं, तू तेच वाचून वाचून स्वतःला त्यात बघायला लागलीस.

पत्रात तू कुठून कुठे जातेस तेही बघ. खोलीवरून चहा, चहावरून आई. निकाल लागला तरी बाईंनी हे पत्र निबंधाच्या शेवटी जोडायला सांगितलं. मी जोडलं.

नव्या जागी जा. औषध घे. काही महिन्यांत सुधारणा दिसली तर पुढचं पुढे बघू. दिसेलही.

तुझा,
चिमण्या


१२ ऑगस्ट

चि. चिमण्यास आशीर्वाद.

मी इथे येऊन दोन महिने झाले. आज रविवार आहे. जेवण वेळेवर होतं. औषध घेते. झोप लागते. काही विसरत नाही. पडले नाही.

मला आता बरं आहे. खोलीचं बघावं.

आजी


४ सप्टेंबर

प्रिय आजी,

किती सुंदर पत्र! एकही वाक्य भरकटलेलं नाही. वारसुद्धा बरोबर होता, मी कॅलेंडर काढून बघितलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

म्हणजे जागा तुला मानवली. नियमित दिनक्रम, औषध, लक्ष द्यायला माणसं. एवढ्या थोड्या दिवसांत एवढा फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. अशा वेळी तुला पुन्हा त्या खोलीत पाठवणं म्हणजे सगळ्यावर पाणी फिरवणं. म्हणून मी बाबांना सांगितलं, खोली आता ठेवू नका. त्यांनी सोडली. मशीन समोरच्या नर्सबाईंनी नेली.

मला इथेच एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली, तुझ्यावरच्या निबंधामुळे. त्यामुळे यंदा येणं होणार नाही. आता तुझी काळजी नाही. सवड मिळाली की लिहीन.

तुझा,
चिमण्या


१९ सप्टेंबर

धाकटे,

खोली गेली. मशीन नर्सबाईकडे गेली. तिला साधा टाका घालता येत नाही, आता स्वतःचा गणवेश स्वतः सैल करायला शिकेल.

तुझं पत्र आलं, तू स्वतःला बोल लावतेस ते बंद कर. तुझ्या सासूबाई तू आपणहून थोड्याच दिल्या होत्यास, मीच मागितल्या. आणि मी आता करू तरी काय? वेड्यासारखी वागले तर म्हणतात, बघा, इथेच राहायला हवं. शहाण्यासारखी वागले तर म्हणतात, बघा, इथे राहून सुधारली. तिसरं कसं वागायचं ते कळलं तर कळव. तोवर मी तुला माझ्या चालीनं लिहीत जाईन, वाटेल तिथून वाटेल तिथे. तुझ्या सुनेला तेवढी पत्रं दाखवू नकोस, तीही पदवी घेतलेली आहे.

इथे वाईट नाही गं. भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, माझ्या अंगावरच्या झग्याची शिवण वाकडी, पण सुईला हात लावायचा नाही. शेजारच्या पलंगावर एक मास्तरीण आहे, सगळ्यांना उभं करून पाढे विचारते. काल ती मला म्हणाली, तुमच्या घरात कुणी शिकलं की नाही? आणि तुला खोटं का सांगू, माझी मान आपोआप ताठ झाली. मी म्हटलं, बाई, माझा नातू परदेशात शिकलाय. पहिला आलाय. म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करायची, तेच शिकलाय.

ती म्हणाली, "अगंबाई! मग तुम्ही इथे कशा?"

मी म्हटलं, "त्यानंच तर पाठवलं."

तुझी,
अक्का